नारळी पौर्णिमेपर्यंत बंद बाटली

माशाच्या तेलाची गोळी गिळताना तुम्हाला समुद्र कधी आठवतो का? आर. के. पुरमला आमच्या समोर राहणाऱ्या मालवणच्या काकूंना आठवतो. दिल्लीत मुरलेल्या काकू डॉक्टरांनाही ‘यार’ म्हणतात आणि हृदयासाठी दिलेली गोळी आधी उजेडात धरून बघतात. आषाढात मात्र त्यांनी बाटली गुपचूप बंद केली.

“काकू, औषध आहे ते!” मी ओरडले.

“माशांच्या विणीचे दिवस आहेत, यार. नारळी पौर्णिमेनंतर घेईन.”

पर्यावरणाची पत्रकं वाटणारी मी लगेच डॉक्टरांकडे गेले. त्यांना विचारून माशाच्या तेलासारखंच ओमेगा-३ असलेल्या समुद्री शेवाळाच्या तेलाच्या गोळ्या आणल्या. काकूंनी लेबल दोनदा वाचलं.

“अच्छा, यात मासा नाही? मग पाणी आण.”

तुम्हीही औषध परस्पर थांबवू नका. त्याऐवजी आजच डॉक्टरांना शेवाळाच्या तेलाबद्दल विचारा.