शिवणीत राहिलेला रंग

मुलुंडला आमच्या जिन्याखाली फॉल-पिको करणाऱ्या एक मावशी बसतात. कधीही जा, मान वर न करता म्हणणार, "ठेव. मंगळवारी ये." मंगळवारी गेलं तरी तेच. मी दर वेळी चिडते आणि दर वेळी त्यांच्याचकडे जाते.

आई गेल्यावर मी तिच्या फोटोंचं स्क्रॅपबुक करायला घेतलं. पानावर शिवायला तिच्या जुन्या ब्लाउजचा तुकडा हवा होता, पण माझ्याच्याने कात्री चालवेना. शेवटी मावशींना म्हटलं, "तुम्हीच कापा पाठीतून."

"वेडी आहेस का गं? बस इथे."

त्यांनी बगलेखालची शिवण उसवली, आत दुमडलेल्या जास्तीच्या कापडाची बोटभर पट्टी कापली आणि शिवण परत घातली. ब्लाउज होता तसाच राहिला. "कागदावर टाके लांब लांब घाल, नाहीतर फाटेल."

मला आठवतो तो ब्लाउज फिकट गुलाबी. ऊन न लागलेली ती पट्टी मात्र गर्द राणी रंगाची निघाली. आईच्या लग्नाआधीच्या काळ्या-पांढऱ्या फोटोत तोच ब्लाउज आहे. त्या फोटोशेजारीच ती पट्टी शिवली.

पान दाखवायला गेले, तर मान वर न करता म्हणाल्या, "ठेव. मंगळवारी ये."

या वेळी मी चिडले नाही. ठेवून आले.