लंगोट धाकट्याला द्या

ती घटना आठवली की आजही मी हातातला चहा खाली ठेवतो. मी तेव्हा कोल्हापुरातल्या एका पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. मोटारसायकल चोरीत तालमीतला एक एकोणीस वर्षांचा मुलगा पकडला होता. न्यायालयाने पोलीस कोठडी दिली. पहिल्या दिवशी तो भिंतीला टेकून नुसता रडत होता. दुसऱ्या दिवशी ठाणे अंमलदाराने खुशीत सांगितलं, पोरगं एकदम शांत झालंय, आता काही त्रास नाही. शांत आरोपी कुठल्या ठाण्याला नको असतो? मीही मान हलवली.

दुपारी त्याची आई भेटायला आली. भेटून फाटकापर्यंत गेली आणि परत माझ्या टेबलापाशी आली.

“साहेब, माझा लंगोट धाकट्याला दे म्हणतोय. तालमीतलं पोरगं असं म्हणत न्हाय हो.”

हवालदार हसला. मी नाही हसलो. मीही लाल मातीत वाढलोय. पैलवान एक वेळ ताटातली भाकरी देईल, पण लंगोट देणार नाही.

मुलाला बाहेर काढून समोर बसवलं. गाड्या, साथीदार, सगळे प्रश्न बाजूला ठेवले आणि सरळ विचारलं, “जीव द्यायचं मनात हाय का तुझ्या?” असं विचारलं की नसलेलं डोक्यात भरतं, असं खात्यात पुष्कळांना वाटतं. साफ चूक. तो ‘व्हय’ म्हणाला आणि ढसाढसा रडला. पंचनाम्यासाठी हात बांधून आपल्याला गल्लीतून चालवत नेणार, असं त्याच्या कानावर आलं होतं. वाटेतच तालीम.

“वस्तादांच्या म्होरनं कसा जाऊ, साहेब?”

कोठडीपुढे सतत पहारा लावला. सरकारी दवाखान्यात मानसोपचार तज्ज्ञांना दाखवलं, न्यायालयाला लेखी कळवलं. पंचनाम्याला बंद गाडीतून नेलं, साध्या कपड्यातले दोन पोलीस बरोबर दिले. आणि वस्तादांना निरोप धाडला. म्हातारा तापट, शिव्या घालणार याची मला धास्ती होती. पण ते मुलाजवळ बसले आणि एवढंच म्हणाले, “पडलास, खरं हाय. उठायचं बी शिकवलंय की तुला. लंगोट खुंटीला हाय तुझा, कोण हात लावत न्हाय.”

पुढे खटला चालला, शिक्षा व्हायची ती झाली. आज तो त्याच तालमीत पोरांकडून जोर काढून घेतो. कोठडीत माणूस ठेवला की त्याचा जीवही आपल्याच ताब्यात असतो, हे मला त्याच्या आईने शिकवलं. त्यानंतर ‘साहेब, आरोपी शांत आहे’ असं कुणी सांगितलं, की मी हातातलं काम टाकून आधी कोठडीकडे जायचो.