सातची पाळी आणि आठची बस

तापलेल्या प्लास्टिकचा वास आला की मला अमरगोळच्या गोदामातलं माझं ऑफिस आठवतं. तिथे एकदा मालकांनी कामगारांना बसचे महिन्याचे पास द्यायचं कबूल केलं आणि ते काम माझ्याकडे आलं. पासच्या खिडकीवर मी चार खेपा घातल्या. कधी फोटो जुना निघाला, कधी आधार कार्डावरचं नाव जुळेना, कधी आमचा शिक्काच त्यांना पुसट वाटला. शेवटी लॅमिनेशन केलेले गरम पास घेऊन मी वैतागून परतले आणि सगळ्यांना वाटले. अळणावरजवळच्या खेड्यातून येणारे एक वयस्कर हमाल मात्र पास नुसता उलटसुलट करून बघत राहिले. मी विचारलं, "काय अप्पा, आवडला नाही?" ते म्हणाले, "छान हाय की अक्का. पण आमच्या गावातनं पहिली बस आठला सुटते, आणि पाळी सातला लागते." "मग रोज येता कसे?" "दुधाच्या टेम्पोत, मागं उभा राहून." मी तडक मालकांकडे गेले आणि अप्पांची पाळी उशिरा लावा म्हटलं. ते म्हणाले, "पास दिला न्हवं? आता आणखी काय?" मी चिडून बाहेर आले, तर अप्पाच माझी समजूत घालू लागले, "असू दे अक्का, परत जाताना उपयोगी पडंल." मालकांवरचा माझा राग केव्हाच ओसरला. पण त्या चार खेपांच्या आधी, सकाळी कसे येता एवढं मी अप्पांना एकदाही विचारलं नव्हतं, हे आजही टोचतं.