ड्रायव्हरकाकांनी ठेवलेली भिंत

बसण्याआधी ड्रायव्हरकाका जागा तळहाताने झटकत, बाकडं घरचं असलं तरी. चहा संपला की पेला उपडा ठेवत. चालताना नजर कायम खाली. कुठलीही गाडी मागे येताना दिसली की हात आपोआप वर जाई, "येऊ दे, येऊ दे, बास!" गाडी कोणाची का असेना.

एकतीस वर्षं त्यांनी पालिकेची कचरागाडी चालवली. वस्तीमागच्या खड्ड्यात गाडी रिकामी करायची, पुन्हा भरायला जायचं. खड्डा भरला. मग त्याची टेकडी झाली. आजोबा काय करतात, असं शाळेत बाईंनी विचारलं तेव्हा नात ताठ मानेने म्हणाली, "आमच्या मागचा डोंगर त्यांनी केलाय."

रात्री जेवताना हे ऐकून घरचे पोट धरधरून हसले. काका ताटावरून उठले. निवृत्तीनंतर आठव्या दिवशी ते टिकाव-घमेलं घेऊन डोंगरावर गेले.

लोकांनी वेड्यात काढलं. मग एकेक जण येऊ लागला. नऊ वर्षं वस्तीने तो डोंगर उपसला. काच वेगळी, लोखंड वेगळं, माती चाळून वेगळी. त्या मातीत झाडं धरली. गांडूळखताच्या टाक्या आल्या, रोपवाटिका आली, पत्र्याखाली बाकं आली. वस्तीची निसर्गशाळा उभी राहिली.

एकच कड काकांनी उपसू दिली नाही. दोन पुरुष उंच, सरळ कापलेली, थरावर थर कचरा.

जागा शाळेला द्यायची की वाहनतळाला, हे ठरवायला पालिकेच्या इंजिनिअरबाई येणार होत्या. कचरा पूर्ण हटला, असा शेरा त्यांनी दिला तरच जागा मिळणार होती.

"पाहुणे यायचे आणि केर उंबऱ्यात ठेवायचा?" काकू म्हणाल्या. "झाकली मूठ सव्वा लाखाची!" आणि त्यांनी भिंतीवर ताडपत्री टाकली.

बाई सगळं बघत बघत नेमक्या तिथेच थांबल्या. "हिच्यामागे काय?"

काकूंनी नवऱ्याला डोळ्यांनी दटावलं. काकांनी दोरी सोडली.

"हा कोणी टाकला?"

"मी."

काकांनी काठीने दाखवलं. "ही राख. तेव्हा घरोघरी कोळसा होता. त्यावर काचा. इथून पिशव्या सुरू. आणि हा पट्टा आमची थोरली मुलगी झाली त्या सालचा. मी पंधरा दिवस रजेवर होतो. बदलीवाल्याने टाकलाय, म्हणून वाकडा."

बाईंना हसू फुटलं. "पण ठेवलंत कशाला?"

"सगळं पुसलं तर पोरांना वाटेल, इथे आधीपासून बागच होती."

बाईंनी भिंत ठोकून पाहिली. पाणी कुठून निघतं ते विचारलं. शेरा तिथेच लिहिला: बाकी कचरा पूर्ण हटला. ही भिंत काढू नये. वर छप्पर घालावे. प्रत्येक थराला पाटी लावावी.

जागा शाळेची झाली. काकू बाजारभर सांगत सुटल्या, "मी म्हणतच होते, लपवायचं कशाला!"

"ताडपत्री काय वाऱ्याने उडत आली होती?" काका म्हणाले.

पाट्या त्यांनी दुसऱ्या कोणाला रंगवू दिल्या नाहीत. थर अकरा. खालून वर. प्रत्येकीवर तीन ओळी: साल, काय टाकलं, कोणी टाकलं. आठ पाट्या लागल्या. त्या थंडीत काका गेले.

नववीला पांढरा रंग देऊन झाला आहे. पेन्सिलीने तीन रेघा आखल्या आहेत. पहिल्या रेघेवर साल लिहिलं आहे.