निळ्या छत्रीवाली

रत्नागिरीत माझं कॅसेटचं दुकान होतं. रेडिओवर गाजलेल्या एका गाण्यातली निळ्या छत्रीवाली म्हणजे आमच्या पोस्टाच्या खिडकीवरची बाई, ही आवई मीच गमतीने उठवली. तिच्याकडे तशी छत्री होती, एवढंच. बोलायची मोजकंच, पावती देतानाही खाली बघून.

एके दुपारी दुकानात येऊन तिने हळूच विचारलं, "भाऊ, ते गाणं लिहिणारे इकडे कधी आले होते ओ?"

तो कधीच आला नव्हता. मी म्हटलं, "झाली दोनेक वर्षं."

ती बराच वेळ आठवत राहिली. मग म्हणाली, "रजिस्टर करायला एक गृहस्थ आलेले. माझ्याशी चांगलं बोलले होते. तेच असणार. कॅसेटच्या दोन्ही बाजूंना तेच गाणं भरून द्या."

मी भरून दिलं. चांगलं बोललेला एक माणूस तिला इतका आठवून शोधावा लागला, हे कळूनही मी तिला खरं सांगितलं नाही.