धाकटीच्या नंदीला काचेची फ्रेम, माझ्या नंदीला धपाटा

थांबा, सगळं सोडा, आधी हे ऐका! आत्ताच्या आत्ता सांगितलं न्हाई तर माझं पोट फुटंल. मी परळीहून अंबाजोगाईला जाणाऱ्या एसटीत बसून टाइप करायले. शेजारी माझी धाकटी बहीण हाय, चौथीतली. मांडीवर नवीकोरी रंगपेटी. तिला चित्रकलेच्या क्लासला घातलंय. कुणी? अप्पांनी! आमच्या अप्पांनी!

आता पहिल्यापासून सांगते. आमचं वैजनाथाच्या देवळाकडं जाणाऱ्या रस्त्यावर पूजेच्या सामानाचं दुकान हाय. बेल, हार, कापूर अन् भस्म. भस्म आमी कागदाच्या पुडीत देतो. रद्दीतल्या शाळेच्या वह्या आणायच्या, पानं फाडायची, लिहिलेली बाजू आत अन् कोरी बाजू बाहेर ठेवून पुडी बांधायची. आता तुमीच सांगा, हातात पेन अन् समोर कोऱ्या पुड्यांची रास असल्यावर लेकरू काय करंल?

मी तिसरीत असताना तेच केलं. पुड्यांवर नंदी काढले. एकाला चष्मा घातला, एकाची जीभ बाहेर काढली. अप्पांनी बघितलं.

"देवाचं भस्म हाय का तमाशा हाय?" असं म्हणून पाठीत एक धपाटा. सगळ्या पुड्या माझ्याकडूनच सोडवून परत बांधून घेतल्या. आई गल्ल्यावरून म्हणली, "पाढे पाठ न्हाईत अन् नंदी काढायली!"

तवाबी अंबाजोगाईत हा रविवारचा क्लास होता. हेच सर. शेजारची पोरगी जायची. मी जमिनीवर लोळून रडलेते. अप्पा म्हणले, "चित्र काढून पोट भरतं का?" विषय संपला.

मग दहावी, मग लातूर, डॉक्टर व्हायचे क्लास. होस्टेलच्या खोलीत सगळ्या पोरी वहीच्या मागच्या पानावर कायबाय गिरगटायच्या, फुलं, डोळे, नावं. माझा हातच जायचा न्हाई. पेन फक्त अभ्यासापुरतं. झोप लागायची न्हाई, अन् शेवटी मार्कबी पडले न्हाईत. आले परत घरी. आता इथल्या कॉलेजात बीए करते अन् दुकानात पुड्या बांधते. कोऱ्याच!

आता यंदाची गोष्ट. धाकटीच्या शाळेत पालकांची मीटिंग झाली. तिच्या बाई अप्पांना म्हणल्या, "पोरगी कोमेजायलीय. तिला रोज थोडा वेळ मोकळं सोडा. काय कर, कसं कर, काही सांगू नका."

अप्पा पक्के दुकानदार. घरी आले अन् जाहीर केलं, "रोज पाच ते सहा मोकळी!" मोबाइलात अलार्म लावला. तिला दुकानातल्या गादीवर बसवलं अन् स्वतः समोर मांडी घालून बसले.

"हं. हो मोकळी."

ती बघायली त्यांच्याकडं. "अप्पा, पाणी पिऊ का?"

"पी की. मोकळी हायस तू."

पाणी पिऊन परत येऊन बसली. दुसऱ्या दिवशी तर तिथंच झोपली. आई म्हणली, "अहो, पोरगी हाय का शेरडू? दावं सोडलं की चरंल, असं असतं का?"

मग एकदा अप्पा त्या तासात च्या प्यायला गेलते. तेवढ्यात हिनं माझ्या बांधलेल्या पुड्यांवर पेन चालवलं. काय काढलं? नंदी! समोसा खाणारा नंदी! मी बघितलं अन् म्हणलं, आता हिची पाठ शेकणार. खरं सांगू, मला जरा बरंच वाटलं.

पण झालं काय, अप्पा यायच्या आत नांदूरघाटची एक मावशी नातवाला घेऊन दुकानात आली. "आगं बया! काय ग्वाड नंदी! ह्याला बी एक द्या." तेवढ्यात अप्पा आले. पुडी हातात घेतली, उलटी केली, सुलटी केली, अन् ओरडले, "आरं हिकडं या सगळे! पोरगी बघा काय करायली!"

ती पुडी काचेच्या फ्रेममध्ये गेली. वैजनाथाच्या फोटोशेजारी! रात्री जेवताना अप्पा म्हणले, "हिला अंबाजोगाईच्या क्लासला घालू." मग माझ्याकडं बघून, "तू नेत जा एसटीनं."

म्हणलं, "अप्पा, मला धपाटा दिलता तुमी!"

"कधी?"

"तिसरीत!"

"कावून?"

त्यांना आठवतच न्हाई हो! माझा हात इतकी वर्षं थिजलाय अन् ह्यांना आठवत न्हाई! म्हणलं, "नंदी काढला म्हणून! पुड्यांवर!"

अप्पांनी भाकरीचा तुकडा ताटात ठेवला. म्हणले, "तवा मला 'पोरीला मोकळं सोडा' असं कुणी सांगितलं न्हवतं गं."

"मग आता माझंबी नाव घाला क्लासला."

आई हसली, "येवढी घोडी झालीस, बारक्या पोरांत बसणार?"

तर धाकटी काय म्हणते? "बसू द्या की. मी शिकवीन ताईला."

अन् अप्पा एकदम खूश, "हां! ती शिकवंल तुला!"

मला! ती! माझ्या अंगाची लाही लाही झाली. पण अप्पांनी जेवण अर्धं ठेवून सरांना फोन लावला अन् म्हणले, "सर, दोघी येतेल. मोठीचं जरा ऱ्हाऊनच गेलंय." ते ऐकून मी पटकन भांडी घासायला उठले, कारण डोळे भरलेले मला कुणाला दाखवायचे न्हवते.

म्हणून काय जळायचं थांबले का? अजिबात न्हाई! आत्ताबी रंगपेटी तिच्याच मांडीवर हाय, अन् अप्पा मला म्हणले, "तिच्यातलेच घे, दोन कशाला?" मी हिरवा खडू मागितला तर ही म्हणते, "आधी टोक न मोडता धरायला शीक ताई." बघा आता!

तुमच्या घरीबी असं झालं का हो? ज्याच्यासाठी तुमी रडलात ते धाकट्याला न मागता मिळालं, अन् आनंद झाला तरी आतून चुरचुरलं, असं? सांगा की. का मी एकटीच अशी हाय?