शोअर प्लव्हर पाहिला, पण ड्रॉवरमध्ये

...आणि म्हणूनच मी म्हणत होते, चॅथम आयलंड्सला जाणं जमेपर्यंत निदान म्युझियममध्ये तरी शोअर प्लव्हर बघून येऊ. मागची पोस्ट वाचली नसेल तर: हा मुठीत मावेल एवढा किनाऱ्यावरचा पक्षी. न्यूझीलंडच्याही पलीकडे, त्या बेटांपैकी एका छोट्याशा बेटावर कसाबसा टिकलेला. तिथे परमिटशिवाय उतरता येत नाही. पक्ष्यांच्या कामासाठी व्हॉलंटियर म्हणून जाता येतं; तो फॉर्म मी अर्धा भरून ठेवलाय, कारण शाळेपासून माझ्या विश-लिस्टवर हा पहिला आहे.

शुक्रवारी रजा टाकून लीड्सहून ट्रेनने लेस्टर. तिकीट आधीच काढा, बरंच स्वस्त पडतं. पुढे म्युझियमपर्यंत मावसभाऊ निखिलची गाडी. तो इथेच जन्मला, त्याला फक्त कबूतर ओळखता येतं.

“ताई, मेलेला पक्षी बघायला दोन तास ड्राइव्ह?”

“ढोकळा घेतलाय तुझ्यासाठी. चल.”

कलेक्शन बघायला ईमेल करून अपॉइंटमेंट लागते. बॅगा लॉकरमध्ये, पेन चालत नाही, फक्त पेन्सिल.

मला वाटलेलं, एखादाच असेल. तिथल्या बाईंनी ड्रॉवर ओढला आणि डांबरगोळ्यांचा वास आला. सगळे पाठीवर झोपवलेले, ओळीने. डोळ्यांत कापूस, पायाला लेबल. चोचीचा केशरी रंग पार उडालेला.

निखिल म्हणाला, “तू रेअर म्हणालीस ना? हा ड्रॉवर तर फुल्ल भरलाय.”

“अजून दोन ट्रे आहेत,” बाई म्हणाल्या. “काढू?”

मी लेबलं वाचत गेले. तेच बेट, तेच बेट, तेच बेट. मी आजवर सगळ्यांना सांगत आलेय की उंदीर-मांजरांनी हा पक्षी संपवला. बाकी ठिकाणी ते खरंच आहे. पण या बेटावर उंदीर-मांजरं पोचलीच नव्हती.

“मग तिथे कोण गेलेलं?” मी विचारलं.

“आम्ही,” बाई म्हणाल्या. “एवढेच उरलेत हे कळल्यावर तो सगळ्याच म्युझियमांना आणि संग्राहकांना हवासा झाला.”

गाडीत ढोकळा तसाच राहिला. निखिलने विचारलं, “मग, लिस्टवर टिक केलीस?”

“मेलेला धरत नाहीत.”

थोड्या वेळाने तोच म्हणाला, “ताई, ते लोक पण हा पक्षी आवडतो म्हणूनच गेले असतील ना?”

लीड्सला परत येऊन आठवडा झाला. फॉर्म समोर आहे. ‘तुम्हाला इथे का यायचंय?’ या रकान्यात मी पूर्वीच लिहिलंय, ‘एकदा तरी बघायचाय म्हणून’. ते वाक्य आता वाचवत नाही, खोडवतही नाही.

तुम्ही असता तर हा फॉर्म पाठवला असता का?